रुवीतले पोहे

“उतरताना आधी पाय बाहेर काढ, डोकं नको,” वत्सलामामी माझ्या कानाशी लागली. “डोकं आधी आलं की उंट उठल्यासारखं दिसतं.”

मस्कतच्या मोठ्या मशिदीबाहेरच्या आवारात आमची गाडी नुकतीच थांबली होती. गाडी मामीच्या जावयाची. त्यानं आम्हाला पहाटे त्यांच्या गावाहून, सोहारहून, इथवर आणलं होतं आणि आमच्या बॅगा दुसऱ्या गाडीत टाकून तो ड्युटीवर परत पळणार होता. त्या दुसऱ्या गाडीला टेकून एक माणूस उभा होता. निळा शर्ट, बारीक मिशी, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या. हा श्रीनिवास हर्डीकर, आमच्या मिरजेच्या इंदूकाकू हर्डीकरांचा मुलगा. परदेशी पाहुण्यांना शहर दाखवणाऱ्या एका कंपनीत तो बरीच वर्षं होता. आमचं विमान संध्याकाळी होतं आणि तोवर तो आम्हाला मस्कत दाखवणार होता. मी आधी पाय बाहेर काढले, मग डोकं काढलं. तरी मी उंचच दिसले, कारण मी उंचच आहे.

आता खरं सांगते. मस्कत वगैरे सगळं निमित्त होतं.

मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. मिरजेत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. मामेबहीण मंजू सोहारला बाळंत झाली, मामीचे गुडघे धरलेले, म्हणून मदतीला मला बरोबर आणलेलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बाळाची दुपटी घडी करता करता मामीनं सहज सांगावं तसं सांगितलं, “उद्या मस्कत दाखवायला इंदूचा श्रीनिवास येणार आहे. स्थळ म्हणूनच बघ त्याच्याकडं.”

“त्याला माहीत आहे?” मी विचारलं.

“छे. लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवतो म्हणे. इंदूचीच युक्ती आहे ही. माझी मैत्रीण येतेय, तिला गाव दाखव, एवढंच सांगितलंय तिनं त्याला. सहज भेट होईल, चार शब्द बोलणं होईल. तू फक्त ती पोपटी इरकल नेस आणि शाळेतल्यासारखी बोलू नकोस.”

मला दाखवायचे कार्यक्रम किती झाले ते मोजायचं आईनं आणि मी केव्हाच सोडून दिलं होतं. लोक येत, पोहे खात, ‘कळवतो’ म्हणून जात. पण त्या लोकांना निदान आपण कशाला आलोय ते ठाऊक तरी असे. इथं एका माणसाला काही न सांगता त्याच्यासमोर मला नेऊन उभं करायचं होतं. मला माझी लाज वाटत होतीच, त्या अनोळखी माणसासाठीही वाटत होती. तरी मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायची माझी सवय मोडली होती आणि इरकल इस्त्री करून तयार होती.

“या मावशी,” श्रीनिवासनं मामीला वाकून नमस्कार केला. माझ्याकडे बघून नुसतं हसला. “आधी मशीद बघू. अकरानंतर बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. फक्त एक अडचण आहे. आत बायकांचे हात मनगटापर्यंत झाकलेले लागतात, केससुद्धा.”

त्यानं डिकीतून इस्त्री केलेले दोन काळे पायघोळ अबाया काढले. मामीचा चेहरा पडला.

“अहो, पण साडी दिसणारच नाही!”

“चालेल की मावशी. आत साडीकडं कोण बघतंय?”

मामीनं मुकाट्यानं अबाया चढवला आणि मी तर अधाशासारखा चढवला. पोपटी इरकल, मामीनं दामटून घातलेल्या बांगड्या, गळ्यातली मोत्यांची सर, सगळं त्या काळ्या कापडाखाली गेलं आणि मी मोकळा श्वास घेतला. मला दाखवायला आणलं होतं आणि आता दाखवण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं.

मामी गुडघ्यांमुळे बाहेर चपलांच्या फळ्यांपाशी बसली. आम्ही दोघं आत गेलो. आत केवढा तरी मोठा गालिचा होता आणि त्याच्यावर अंथरलेल्या निळ्या पट्टीवरूनच चालायचं होतं. श्रीनिवास पाहुण्यांना सांगायची पाठ झालेली माहिती सांगत होता. इराणच्या बायकांनी हा कित्येक वर्षं खपून हातानं विणलाय, वगैरे. मामीनं बजावलेलं मी विसरले.

“पण एवढा मोठा गालिचा दारातून आत आणला कसा?” मी विचारलं.

तो थांबला. “हे कुणी विचारत नाही हो. सगळे झुंबराचं वजन विचारतात.” मग खुशीत येऊन म्हणाला, “तुकड्यातुकड्यांनी विणला आणि इथं आणून जोडला. जोड सापडतो का बघा. मला इतक्या वर्षांत सापडलेला नाही.”

आम्ही दोघं त्या निळ्या पट्टीवर ओणवे होऊन जोड शोधत राहिलो. एक पहारेकरी संशयानं जवळ आला तेव्हा दोघंही हसत सुटलो. माझ्या रंगाकडं, उंचीकडं, वयाकडं न बघता कुणी पुरुष माझ्याशी इतका वेळ बोलला असं त्याआधी कधी झालं नव्हतं. जोड काही सापडला नाही.

बाहेर येऊन अबाया उतरवल्यावर मामीनं मला बाजूला घेतलं. “काय बोलत होतात एवढं?”

“गालिच्याबद्दल.”

“असू दे, असू दे. सुरुवात कशानंही होते.”

गाडीत मामी हट्टानं मागं बसली. पुढं बसलं की मळमळतं म्हणाली. मिरज-सांगली वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा मिळावी म्हणून लोकांशी भांडणारी ही बाई! मी पुढं बसले आणि खिडकीतून ते पांढरे स्वच्छ रस्ते आणि मागचे काळे-तांबडे, गवताची काडीही नसलेले डोंगर बघत राहिले. मामी मागून त्याची उलटतपासणी घेत होती. घर कंपनीचं की भाड्याचं? खोल्या किती? पाणी गोडं येतं का? तो प्रत्येक प्रश्नाला नीट, आदरानं उत्तर देत होता. मला वाटलं गाडीचं दार उघडून उडी मारावी.

एका सिग्नलला गाडी थांबली. त्यानं आरशातून मामीकडं बघितलं. स्टिअरिंगवरची त्याची बोटं चुळबुळत होती.

“मावशी, एक विचारतो. आईनं तुम्हाला सगळं सांगितलंय ना?”

मामी क्षणभर गडबडली, पण क्षणभरच. “सगळं. म्हणून तर आलो.”

“आणि तुमची काही... म्हणजे तुम्ही मोकळ्या मनानं आलायत ना?”

“अगदी मोकळ्या मनानं.”

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. “मग आता मी मोकळेपणानं सांगतो. दुपारी चहाला घरी यायचंय. घरी तयारी झालेली आहे. आई मला म्हणाली होती की रस्त्यात काही बोलू नकोस, वत्सला घरी येऊन काय ते बघेल. म्हणून गप्प होतो.”

मागून मामीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

म्हणजे त्याला माहीत होतं! मी समोरच्या रस्त्याकडं बघत बसले आणि माझ्या मनावरचा धोंडा उतरला. त्याला कुणी फसवून आणलेलं नव्हतं. आपण कुणाला भेटतोय हे ठाऊक असूनही तो माझ्याबरोबर ओणवा होऊन गालिच्याचा जोड शोधत होता. मी हुरळले, हे कबूल करायला आज पन्नाशी उलटल्यावरही मला जड जातं. इतक्या वर्षांत प्रत्येक कार्यक्रमाला मी मन घरी ठेवून गेले होते आणि नेमकी त्या दिवशी ते बरोबर घेऊन बसले.

जुन्या मस्कतमध्ये त्यानं सुलतानाचा निळा-सोनेरी राजवाडा दाखवला, त्याच्या दोन बाजूंचे पोर्तुगीजांचे किल्ले दाखवले. तिथून जवळच महादेवाचं जुनं देऊळ आहे, गुजराती व्यापाऱ्यांच्या वेळचं. मामीला देऊळ दिसताच हुरूप आला. दर्शन झाल्यावर तिनं आम्हा दोघांना पिंडीसमोर ओढलं.

“दोघं मिळून करा नमस्कार.”

तो एकदम मागं सरला. “नको मावशी. तुम्ही करा.”

“लाजतोय गं,” मामी बाहेर येऊन मला म्हणाली. “चांगलं लक्षण आहे.” आणि तिथून पुढं तिनं त्याला ‘श्रीनिवासराव’ म्हणायला सुरुवात केली. जावयाला म्हणतात तसं. तो ओशाळून हसायचा आणि दुसरीकडं बघायचा. मी मात्र त्या ‘राव’नं कानापर्यंत लाल होत होते आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते मला आवडत होतं.

मत्राच्या समुद्राकाठी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बंदरात लाकडी गलबतं उभी होती आणि रस्त्यापलीकडं जुना बाजार. वर छप्पर घातलेल्या अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना खंजीर, शाली, चांदीचे दागिने, आणि सगळीकडं ऊद-धुपाचा दाट वास. मामी एका शालीच्या दुकानात अडकली. अडकली म्हणजे मुद्दाम अडकली. आम्ही दोघं धूप विकणाऱ्या म्हाताऱ्यापाशी थांबलो. श्रीनिवासनं हिरवट झाक असलेला एक खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

“हा सगळ्यात चांगला. डोंगरातल्या झाडांचा चीक आहे. झाडाची साल खरवडतात आणि वाळायची वाट बघतात.”

“झाडाला पानं असतात त्या वेळी?” मी विचारलं.

“तुम्ही विचारता छान,” तो म्हणाला. मग थोडा वेळ खड्यांच्या राशीत बोट फिरवत राहिला. “तुम्हाला एक विचारू? मावशींना विचारायचा धीर होत नाही. माणूस वेगळ्या वळणाचा असला, बाहेरच्या चालीरीतींचा, तर आमच्या आईजवळ, मिरजेत, त्याचा निभाव लागेल का? तुम्ही तिथंच राहता. तुम्हाला काय वाटतं?”

बारा वर्षं परदेशात राहिलेला माणूस स्वतःबद्दल विचारतोय, असं मला वाटलं. परत येऊन रमेन का, असं.

“लागेल की,” मी म्हणाले. “मिरज वाटते तेवढी वाईट नाही. आणि घरात एक जरी माणूस आपल्या बाजूचं असलं ना, की निभाव लागतो.”

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याचे डोळे पाणावले होते, खोटं सांगत नाही. “तुम्ही असं म्हणालात, फार बरं वाटलं मला. फार.”

तो मामीला शोधायला गेला. मी तिथंच उभी होते. दुकानात मातीचं एक छोटं धूपपात्र होतं, लाल-निळ्या नक्षीचं. मी मनातल्या मनात ते उचललं आणि न पाहिलेल्या घरातल्या एका कोनाड्यात नेऊन ठेवलं. मग कोनाडा बदलला. खिडकीजवळ बरं दिसेल म्हटलं. शेजारच्या दुकानातल्या आरशात बघून कपाळावरची टिकली सारखी केली, पदर खांद्यावर नीट घेतला. हे मला मामीनं सांगितलेलं नव्हतं. माझं मी केलं.

शहराच्या रुवी भागात त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याच्या पायथ्याशी तो थांबला, रुमालानं तोंड पुसलं आणि मामीपुढं हात जोडले.

“मावशी, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. नवखं आहे सगळं.”

“अहो श्रीनिवासराव, हे आम्ही म्हणायचं,” मामी हसत म्हणाली आणि कठड्याला धरून वर निघाली.

बेल वाजवायच्या आतच दार उघडलं. दारात एक बाई उभी होती. तिशीची असेल, सावळी, ठेंगणी, मोठ्या डोळ्यांची. जांभळी साडी नेसलेली, नेसणारीला सवय नसावी अशी ठिकठिकाणी पिना लावून. हातात हिरवा चुडा, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि गळ्यात दोन वाट्यांचं, आपल्याकडचं मंगळसूत्र. तिनं डोक्यावरून पदर घेतला होता आणि तो घसरू नये म्हणून मान ताठ धरली होती.

“या, बसा,” ती म्हणाली. शब्द मराठी होते, हेल मल्याळी.

मामीला वाटलं, शेजारीण असेल. तिनं हसून मान डोलावली आणि कोचावर बसली. बाई आत गेली आणि ट्रे घेऊन आली. तीन बश्यांत पोहे, वर कोथिंबीर आणि खोबरं पेरलेलं, आणि पाण्याचे ग्लास. ट्रे हलत होता. ग्लास एकमेकांवर किणकिणत होते. ती खाली बघून हळूहळू पावलं टाकत होती, आणि मी बसल्या जागी थिजले. ही चाल मला ठाऊक होती. आईनं, आत्यानं, मामीनं मला हीच शिकवली होती. किती वेळा मी हाच ट्रे धरून असल्याच अनोळखी माणसांसमोर आले होते.

तिनं ट्रे टीपॉयवर ठेवला, मामीसमोर वाकली आणि पायांना हात लावायला गेली.

मामीनं पाय मागं घेतले. “ही कोण?”

“लिसी,” श्रीनिवास म्हणाला. तो हसत होता. “माझी बायको, मावशी.”

लिसी अजून वाकलेलीच होती, हात पुढं करून. मग ती सावकाश सरळ उभी राहिली.

“बायको?” मामी म्हणाली. “म्हणजे? इंदू मला म्हणाली...” आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

त्या एका बघण्यात त्याला सगळं कळलं. त्याचं हसू चेहऱ्यावरून कसं उतरत गेलं ते मी बघितलं. त्यानं माझ्या इरकलीकडं बघितलं, मोत्यांच्या सरीकडं बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यानं मला नीट बघितलं आणि मला कशासाठी नटवलेलं होतं ते ओळखलं. मला वाटलं, तो काळा अबाया पुन्हा कुणी तरी माझ्या अंगावर घालावा.

“आईनं तुम्हाला लिसीला बघायला पाठवलं नाही?” तो म्हणाला. “मी गणपतीत फोन करून सांगितलं तिला. लग्न केलंय म्हणून. ती दोन महिने बोलली नाही माझ्याशी. मग एकदम तिचा फोन आला की वत्सला येतेय, घरी ने. मला वाटलं, आई निवळली. तुम्हाला सूनमुख बघायला पाठवलंय असं वाटलं मला.”

“मला यातलं एक अक्षर ठाऊक नाही हो,” मामी म्हणाली. “देवाशप्पथ नाही.”

तो मोबाइल घेऊन गॅलरीत गेला. दार लोटलं, पण इंदूकाकूंचा आवाज मिरजेत दोन आळ्या ऐकू जातो. तो फोनमधूनही आमच्यापर्यंत आला. “तुला बघायला काय झालंय? आपल्यातली मुलगी आहे, नोकरी करते, मुकाट्यानं राहील. ते तिकडचं काय, सोडवता येतं. अजून काही बिघडलेलं नाही.” मग श्रीनिवासचा आवाज, दबका, पुन्हा पुन्हा एकच, “आई, ती आत उभी आहे. आई, अगं ती आत उभी आहे.”

मुकाट्यानं राहील. म्हणून माझी निवड झाली होती. या गावात माझी दोन तासांची चोरटी स्वप्नं मी ज्या आधारावर बघितली, तो आधार हा होता. मला इतकं ओशाळं कधीच वाटलं नव्हतं. लग्न झालेल्या माणसाच्या घरातल्या कोनाड्यात मी धूपपात्र ठेवून आले होते.

मामी उठली. “चल हेमांगी. आपण टॅक्सी बघू.” ती वाईट बाई नव्हती. तिचीही इंदूकाकूंनी अब्रू घेतली होती आणि तिला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं. पण उठताना तिनं लिसीकडं एकदाही बघितलं नाही.

लिसी भिंतीपाशी उभी होती. गॅलरीतलं मराठी तिला किती कळलं असेल कोण जाणे. तिचे डोळे पोह्यांच्या बश्यांवर होते. त्यांना कुणी हात लावला नव्हता. हाताची बोटं एकमेकांत गुंफून ती तशीच उभी राहिली, कारण तिला तसंच शिकवलेलं होतं. मुलीनं उभं राहायचं, पाहुणे विचारतील, मग बोलायचं. आणि तिला कुणी काही विचारतच नव्हतं. माझ्या वाट्याला आलेल्या भिकारड्यातल्या भिकारड्या कार्यक्रमातसुद्धा मला कुणीतरी नाव विचारलं होतं.

मी कोचावर मागं टेकून बसले आणि एक बशी उचलली.

“हेमांगी,” मामी दारातून म्हणाली.

“बस मामी. पोहे खाऊन जाऊ.”

पोहे खोबरेल तेलात केलेले होते. पहिला घास मी पाण्याबरोबर गिळला. मी दुसरा घास घेतला आणि लिसीकडं बघून मोठ्यानं, सावकाश विचारलं, “नाव काय तुमचं?”

तिनं चटकन मान वर केली. “माझं नाव लिसी श्रीनिवास हर्डीकर,” ती पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली.

“शिक्षण?”

“मी नर्सिंग केलं आहे. मी इस्पितळात काम करते.”

“स्वयंपाक येतो?”

“येतो. मासे येतो. पोहे...” ती अडली, गॅलरीकडं बघितलं, मग स्वतःच शोधून काढलं. “पोहे आज पहिला.”

“छान झालेत,” मी म्हणाले आणि बशी पुसून संपवली. मामी केव्हा तरी परत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिनं एक चमचा तोंडात घातला, खाली बघत.

श्रीनिवास गॅलरीच्या दारात येऊन उभा होता. हातातला फोन बंद होता.

मी उठले. लिसीजवळ गेले. ती माझ्या खांद्यापर्यंतही येत नव्हती. एक वाक्य आहे. ते माझ्या घरी कुणी तरी येऊन बोलेल म्हणून आईनं दहा वर्षं दाराकडं कान लावले होते आणि ते कुणीच बोललं नव्हतं. ते मी बोलले.

“मुलगी पसंत आहे.”

या वाक्याचा अर्थ तिला कुणी शिकवायला नको होता, किंवा मुद्दाम शिकवलेला असावा. तिचा चेहरा फुलला. तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि श्रीनिवासकडं बघून मल्याळीत भराभर काही तरी बोलायला लागली. हसत होती, डोळे पुसत होती. त्यानं मान खाली घातली. ही पसंती कुणाचीच नाही, मिरजेत तिला कवडीची किंमत नाही, हे त्याला कळत होतं, मला कळत होतं, मामीला कळत होतं. फक्त तिला कळत नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट कुणालाच कळली नाही. ते वाक्य बोलताना माझे डोळे तिच्यावर नव्हते. ते त्याच्यावर होते. तेवढ्यातही, त्या क्षणीसुद्धा. त्याची लाज अजून गेलेली नाही.

विमानतळावर त्यानंच सोडलं. टॅक्सी नको म्हणाला. मामी यावेळी पुढं बसली आणि मी मागं, बॅगांना टेकून.

“कुणाच्या वतीनं बोललीस तू ते?” मामीनं मागं वळून विचारलं. आवाजात राग नव्हता.

“कुणाच्याच नाही.”

“इंदूला मी विचारणार आहे,” मामी म्हणाली. “तिच्या दारात उभी राहून विचारणार आहे. आणि सून कशी आहे तेही सांगणार आहे.” मग ती खिडकीबाहेर बघत बसली. श्रीनिवासनं डाव्या हातानं डोळे पुसले आणि गाडी चालवत राहिला.

विमानतळावर त्यानं आमच्या बॅगा ट्रॉलीवर चढवल्या. मामीला वाकून नमस्कार केला. या वेळी मामीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कागदपत्रं शोधायच्या निमित्तानं पुढं निघून गेली. आम्ही दोघं ट्रॉलीपाशी उरलो. दिवसभर तो माझ्याशी किती बोलला होता, पण एकदाही त्यानं मला हाक मारली नव्हती. नुसतं ‘तुम्ही’, ‘तुम्हाला’. कसली हाक मारायची ते बहुधा त्याला ठरवता येत नव्हतं, आणि मी त्या न मारलेल्या हाकेचेही मनात मांडे खाल्ले होते.

त्यानं हात जोडले.

“येतो, ताई,” तो म्हणाला.